जुन्या औषधाची कसोटी

'जुने ते सोने' असे आपण सहज म्हणून जातो. हीच म्हण एकदा सराफाच्या पेढीवर जाऊन म्हणून पाहा. आजीच्या पेटीतली पाटली कितीही जुनी असो, सराफ ती आधी कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ निरखतो आणि मगच भाव सांगतो. कालच घडवलेला दागिना पुढे ठेवला तरी तो त्यालाही तोच दगड लावतो. वस्तू जुनी की नवी, हा प्रश्न त्याच्या लेखी नंतरचा.

औषधांच्या बाबतीत मात्र आपली मोठी मौज आहे. काढा, चूर्ण, आजीबाईचा बटवा यांचा विषय निघाला की जे जुने तेच खरे. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचा विषय निघाला की जी नवी तीच खरी! दोन्ही वेळी आपण दगड काही हातात घेत नाही. या लेखात मला सांगायची आहे ती अशाच काही जुन्या गोळ्यांची हकिगत. आतड्याच्या दाहाचा एक चिवट विकार आहे. त्याच्यावर ऐंशी वर्षांपासून चालत आलेली काही औषधे आहेत, आणि त्यांच्याविषयी खुद्द डॉक्टरांची मते कशी बनली, कशी मोडली आणि पुन्हा कशी जुळली याचा इतिहास एखाद्या कादंबरीइतका वळणावळणाचा आहे. चकली-करंजीच्या ताटाशेजारी आतड्याची कथा वाचणे ज्यांना प्रशस्त वाटणार नाही, त्यांनी फराळ आटोपून हे पान उघडावे.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या विषयाकडे मी वळलो तो आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांमुळे. त्यांच्या मुलाला ऐन कॉलेजच्या वयात हा विकार जडला. रक्ती आव म्हणून सुरुवातीस जे औषधपाणी झाले त्याने गुण येईना. मुलगा वाळत चालला. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडे पाहिले, निदान केले आणि केशरी-पिवळ्या रंगाच्या गोळ्या लिहून दिल्या. मुलाला उतार पडू लागला. तेवढ्यात कोणा नातलगाने सांगितले, की हे औषध दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे आहे. झाले! सहकारी माझ्याकडे आले ते चेहरा उतरवूनच.

"सर," ते म्हणाले, "जगात एवढी नवी इंजेक्शने निघाली आणि माझ्या पोराला ही पणजोबांच्या काळातली गोळी? आपण पडलो शाळामास्तर. परवडणार नाही म्हणून तर डॉक्टरांनी स्वस्तातले काढून दिले नसेल ना? मला तर ती बंद करावीशी वाटते."

प्रश्न वैद्यकाचा असला तरी त्याचे मूळ इतिहासात होते. म्हणून मी त्याच्या मागे लागलो. आणि आजार पुन्हा उसळला तर त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागणार होती, म्हणून नेटाने लागलो.

प्रथम आजाराची ओळख. हे खरे म्हणजे दोन भाऊ आहेत. एकाचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर व्रण पाडतो. रक्त आणि आव पडते, पोटात मुरडा येतो, माणूस रात्रीतून चारदा उठतो. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या सॅम्युएल विल्क्स या डॉक्टरने १८५९ साली अशा एका रोग्याच्या आतड्याचे वर्णन लिहून ठेवले, आणि या नावाचा इतिहास सहसा तेथून मोजतात. दुसऱ्या भावाचे नाव क्रोनचा आजार. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही ठाण मांडू शकतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार शिरतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या केनेडी डॅल्झिएल या शल्यविशारदाने १९१३ साली असे रोगी वर्णिले होते. पण नाव लागले ते न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांचे, कारण १९३२ साली त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लिहिलेला लेख गाजला.

हे दोघे जंतूंच्या आवेसारखे आठ दिवसांत येऊन जाणारे नव्हेत. शरीराची संरक्षक सेनाच आपल्या आतड्यावर उलटते आणि वर्षानुवर्षे अधूनमधून हल्ला करीत राहते. मुळासकट बरे करणारे औषध आजही नाही. उसळलेला दाह शमवायचा आणि शमलेला पुन्हा उसळू द्यायचा नाही, अशी ही दुहेरी लढाई आहे. ही दोन कामे वेगवेगळी आहेत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या हकिगतीची किल्ली त्यातच आहे.

आता त्या केशरी-पिवळ्या गोळीकडे येऊ. तिची जन्मदात्री स्वीडनमधली. नाव नान्ना स्वार्त्स. आपल्याकडचे नाना नव्हेत बरे, या बाई होत्या! १८९० साली जन्मलेल्या या बाई १९३७ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकाच्या प्राध्यापक झाल्या, आणि स्वीडनच्या सरकारी विद्यापीठात तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा ध्यास आतड्याचा नव्हताच. बोटांची पेरे वाकडी करणाऱ्या संधिवाताने त्यांना भंडावले होते. या संधिवातामागे जंतू असावेत, असे त्यांचे मत होते.

काळ सल्फा औषधांच्या नवलाईचा होता. १९३५ साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याने जंतूंचा संसर्ग आटोक्यात येतो असे दाखवले होते. स्वार्त्सबाईंनी विचार केला, की जंतू मारायला सल्फाच्या जातीचे सल्फापिरिडीन घ्यावे, सांध्यांची सूज उतरवायला ॲस्पिरिनच्या जातीचे सॅलिसिलिक आम्ल घ्यावे, आणि रसायनाच्या गाठीने दोहोंची जोडी बांधून ती रोग्याला द्यावी. फार्मेशिया या स्वीडिश कंपनीच्या रसायनज्ञांनी ती गाठ बांधून दिली. औषधाचे नाव झाले सॅलॅझोपायरिन. शास्त्रीय नाव सल्फासॅलाझीन. बाईंनी ते संधिवाताच्या रोग्यांना दिले. त्यांतल्या ज्यांना आतड्याचाही विकार होता, त्यांची आतडी सुधारू लागली! १९४२ साली त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. जगात महायुद्ध पेटलेले होते आणि तटस्थ स्वीडनमध्ये एका संधिवाताच्या औषधाने आतड्याचा रस्ता धरला होता.

येथवर झाली ती फक्त आशा. दहा रोगी बरे झाले म्हणजे औषधाने झाले असे नव्हे. हा आजार आपोआपही चढतो-उतरतो. उतरतीच्या वेळी जे हाती असेल त्याला श्रेय मिळते. अंगाऱ्यालाही ते मिळते आणि गोळीलाही. मग खरे श्रेय कोणाचे, हे ओळखायचे कसे?

ती कसोटी तयार झाली इंग्लंडात, ऑक्सफर्डमध्ये. आणि प्रथम लागली ती दुसऱ्याच एका औषधाला. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन हे द्रव्य संधिवाताच्या रोग्याला टोचले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. सगळे जग कॉर्टिझोनचा जयजयकार करीत असता ऑक्सफर्डचे सिडनी ट्रूलव्ह आणि त्यांचे वरिष्ठ लेस्ली विट्स यांनी ठरवले, की आतड्याच्या आजारात ते नीट पारखून पाहू. कोलायटिसचे २१० रोगी घेतले. त्यांची दोन गटांत विभागणी नशिबावर सोडली. १०९ जणांना कॉर्टिझोन मिळाले आणि १०१ जणांना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली गोळी. बाकीची शुश्रूषा सर्वांना सारखी. सहा आठवड्यांनी हिशेब केला. नुसत्या गोळीवर शंभरांत सुमारे १६ जणांचा आजार पूर्ण शमला होता. कॉर्टिझोनवर सुमारे ४१ जणांचा. १९५५ साली हा अहवाल छापून आला.

त्यातले पहिल्या आकड्याचे मोल मला अधिक वाटते. काहीही औषध न घेता सोळा जण बरे झाले होते! ते सोळा जण कोणाच्याही अनुभवाच्या वहीत 'गुण आला' म्हणून चढले असते. कसोटीचा दगड कशासाठी लागतो तो यासाठी.

याच अहवालात ट्रूलव्ह-विट्स यांनी आजाराची तीव्रता मोजण्याची एक साधी रीत दिली. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, नाडी नव्वदच्या वर, अंगात ताप, रक्त कमी झालेले. असे असेल तर आजार गंभीर, रोग्याला रुग्णालयात न्या. सत्तर वर्षे उलटली, डोळे दिपवणारी यंत्रे आली, तरी गंभीर रोगी ओळखायला डॉक्टर आजही ही रीत वापरतात. जुने टिकले ते असे.

पण कॉर्टिझोनची कथा येथे संपत नाही. आग विझवायला ते उत्तम ठरले. आग पुन्हा लागू नये म्हणून रोज थोडे थोडे दिले तर? त्याचीही पारख झाली आणि १९५९ व १९६५ सालच्या चाचण्यांत उत्तर आले की उपयोग नाही. उलट चेहरा सुजून गोल होणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, डोळ्यांत मोतीबिंदू येणे असे उपद्रव मात्र मागे लागतात. म्हणून स्टेरॉइडविषयी डॉक्टरांचे मत ठरले ते आजतागायत कायम आहे. ते थोड्या दिवसांचे पाहुणे आहे. मुक्काम वाढू देऊ नये. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून महिनोन्महिने तीच गोळी आणणाऱ्यांनी हे वाक्य घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

मग आग पुन्हा लागू नये म्हणून काय करावे? येथे स्वार्त्सबाईंची गोळी रंगमंचावर परत येते. लंडनच्या डॉक्टरांनी १९६२ साली तिची पहिली नीट चाचणी घेतली आणि १९६५ साली दुसरी. या दुसऱ्या चाचणीत ज्यांचा आजार शमलेला होता त्यांनाच घेतले. अर्ध्यांना रोज दोन ग्रॅम सल्फासॅलाझीन, अर्ध्यांना नुसती गोळी, मुदत एक वर्ष. नुसत्या गोळीवरच्या जवळजवळ पाऊण लोकांचा आजार वर्षाच्या आत उलटला. औषधावरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी लोकांचा उलटला. म्हणजे नोबेलवाल्या कॉर्टिझोनला जे जमले नाही, ते या साध्या गोळीने केले.

आणि ज्या संधिवातासाठी ही गोळी जन्मली त्याचे काय झाले? तेथे १९४९ सालच्या एका चाचणीने तिला नापास केले आणि डॉक्टरांनी तिला अडगळीत टाकले. तीस वर्षांनी, १९८० च्या सुमारास, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी तिला तेथून काढून पुन्हा पारखले. ती उपयोगी ठरली आणि आज संधिवाताच्या मान्य औषधांत आहे. नापास झालेल्या विद्यार्थ्याचा पेपर पुन्हा तपासावा आणि त्याचे गुण वाढावेत, तसे हे. मास्तरांना असले प्रसंग अपरिचित नाहीत.

औषध लागू पडते हे कळले. का लागू पडते, हे कळायला आणखी वर्षे गेली. १९७२ साली पेपरकॉर्न आणि गोल्डमन या अमेरिकन संशोधकांनी आतड्यांत एकही जंतू नसलेले उंदीर घेऊन दाखवले, की अशा उंदरांच्या पोटात सल्फासॅलाझीनची गाठ सुटतच नाही. मोठ्या आतड्यात नांदणारे जंतूच ती गाठ सोडतात. म्हणजे लहान आतड्यातून गोळी बहुतांशी तशीच बांधलेली पुढे जाते आणि नेमकी मोठ्या आतड्यात पोचल्यावर उघडते. जंतू मारायला म्हणून जे औषध बांधले, ते जंतूंच्याच हाताने उघडले जात होते!

पण उघडल्यावर दोन वस्तू निघतात. एक सल्फा आणि एक सॅलिसिलिक आम्लाची भावंड, जिला आज मेसालाझीन म्हणतात. यांतली कामाची कोणती? हा प्रश्न ज्या तरुण डॉक्टराने सोडवला तो आपल्याच उपखंडातला. आझाद खान हे त्यांचे नाव. पुढे बांगलादेशच्या मधुमेह संघटनेची धुरा वाहणारे हे गृहस्थ तेव्हा ऑक्सफर्डमध्ये ट्रूलव्ह यांच्या हाताखाली काम करीत होते. त्यांची युक्ती पाहा किती सरळ. तोंडावाटे दिले तर गोळी सुटेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून तिन्ही द्रव्ये एनिमावाटे थेट आतड्यात सोडायची. ६२ रोगी, काहींना पूर्ण औषध, काहींना फक्त सल्फा, काहींना फक्त मेसालाझीन, मुदत दोन आठवडे. कोणाला काय मिळाले हे झाकून ठेवलेले. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचे अस्तर पाहिले तेव्हा पूर्ण औषधाच्या व मेसालाझीनच्या गटांत शंभरांत सुमारे तीस जणांत ठळक सुधारणा होती, आणि नुसत्या सल्फाच्या गटात अवघ्या पाच जणांत. १९७७ साली हे प्रसिद्ध झाले. स्वार्त्सबाईंनी जिला मुख्य मानले ती सल्फा आतड्यासाठी केवळ ओझे वाहणारी हमाल निघाली. आणि संधिवातात? १९८५ साली केलेल्या तुलनेत तेथे नेमका उलट निकाल लागला. सांध्यांत काम करते ती सल्फाच!

हे ओझे वाहणारी सल्फा निरुपद्रवीही नव्हती. मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ हे त्रास बहुतेक तिचेच. १९७३ साली एडिंबरोमध्ये दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्यांचे शरीर सल्फाचा निचरा सावकाश करते त्यांना हे त्रास अधिक होतात. पुरुषांची जननक्षमता औषध चालू असेपर्यंत घटू शकते, हेही पुढे कळले. औषध थांबवल्यावर ती परत येते. तेव्हा हमालाला रजा देऊन नुसते मेसालाझीनच मोठ्या आतड्यापर्यंत पोचवावे, असा विचार निघाला. वरून असे वेष्टन चढवले की ते योग्य जागीच विरघळावे. १९८० नंतर या नव्या गोळ्या बाजारात आल्या आणि जुनीची सद्दी संपली असे अनेकांना वाटले.

आता दगड बघू. नव्या-जुनीच्या साऱ्या चाचण्या एकत्र मांडून तज्ज्ञांनी जेव्हा हिशेब केला, तेव्हा असे दिसले की उसळलेला कोलायटिस शमवण्यात नवी जुनीहून सरस नाही; शमलेला राखण्यात तर जुनीच किंचित पुढे आहे. नवीचा फायदा एकच, पण मोठा. ती अधिक लोकांना सोसते. म्हणून आजचे मत असे की सौम्य व मध्यम कोलायटिसला हेच घराणे पहिले. ज्याला जुनी सोसते आणि विशेषतः ज्याचे सांधेही दुखतात, त्याला जुनी देण्यात काही कमीपणा नाही. ज्याला सोसत नाही, त्याला नवी द्यावी.

माझ्या सहकाऱ्यांच्या शंकेचे निम्मे उत्तर येथेच मिळाले. पण निम्मेच. कारण दुसरा भाऊ, क्रोन, याच्या बाबतीत हीच गोळी दगडावर फिकी पडली. १९७९ साली अमेरिकेत ५६९ रोग्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत मोठ्या आतड्यातल्या क्रोनला सल्फासॅलाझीनचा काही उपयोग दिसला. पुढे मेसालाझीनही क्रोनला वर्षानुवर्षे देण्यात आले. पण एकामागून एक चाचण्या झाल्या, आशा फळली नाही, आणि आज तज्ज्ञांच्या मार्गदर्शिका क्रोनमध्ये मेसालाझीनची शिफारस करीत नाहीत. एका भावाला जे सोने, ते दुसऱ्याला पितळ.

त्याच १९७९ च्या पाहणीत ॲझाथायोप्रीन नावाचे आणखी एक औषध नापास झाले होते. त्याची आई न्यूयॉर्कची गर्ट्रूड एलियन. पंधरा वर्षांची असताना आजोबांना कर्करोगाने गेलेले पाहून तिने रसायनशास्त्र धरले. तिने व जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५० नंतरच्या दशकात रक्ताच्या कर्करोगावर मर्कॅप्टोप्युरीन काढले आणि त्यातूनच ॲझाथायोप्रीन घडवले. १९८८ साली दोघांना नोबेल मिळाले. शरीराची उलटलेली सेना आवरण्याचा गुण या दोन्ही औषधांत आहे. मग ते नापास का झाले? त्या पाहणीत त्याला काही महिनेच मिळाले होते. दुसऱ्याच वर्षी, १९८० मध्ये, न्यूयॉर्कच्या डॅनियल प्रेझेंट व सहकाऱ्यांनी मर्कॅप्टोप्युरीन ८३ क्रोन-रोग्यांना दोन वर्षांच्या चाचणीत देऊन पाहिले. औषधावर शंभरांत ६७ जणांना गुण आला, नुसत्या गोळीवर ८ जणांना. गुण यायला सरासरी तीन महिन्यांहून अधिक काळ लागत होता! घंटा लवकर वाजवली, म्हणून विद्यार्थ्याचा पेपर अपुरा राहिला होता.

या औषधाला धार आहे, तशी इजाही आहे. काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते धोकादायकरीत्या घटवते. दीर्घकाळ घेणाऱ्यांत लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. पेशी कोणाच्या घटतील याचा एक धागा अमेरिकेत १९८० साली सापडला. पण तो गोऱ्या लोकांना जेवढा लागू तेवढा आशियातल्यांना लागू पडेना. २०१४ साली कोरियाच्या संशोधकांनी आनुवंशिकतेतला दुसरा धागा शोधला आणि तो आपल्या भारतीयांतही बराच आढळतो. साठ वर्षांचे औषध, पण ते आपल्याला सुरक्षितपणे द्यायचे कसे हे ज्ञान अवघ्या दहा-बारा वर्षांचे आहे. औषध जुने झाले म्हणून त्याविषयीचे शिक्षण संपते असे नाही.

तिसरे जुने औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्या मुळाशी आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. १९२३ साली अमेरिकेस गेलेल्या या संशोधकाच्या देखरेखीखाली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ही जात घडली, आणि १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी तिच्यातल्याच ॲमिनोप्टेरीनने रक्ताच्या कर्करोगाची मुले काही काळ सावरल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. पुढे १९९५ साली ब्रायन फेगन यांच्या चाचणीत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट टोचलेल्या क्रोन-रोग्यांपैकी शंभरांत ३९ जण स्टेरॉइडवाचून शमलेले राहिले, इतरांत १९. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजचे समजून घेतले तर जिवावर बेतते. गर्भवतीला तर ते मुळीच चालत नाही.

मग नव्या इंजेक्शनांचे काय? त्यांना बाजूला सारून मी जुन्यांची आरती ओवाळली, तर तो इतिहास होणार नाही. १९९८ साली क्रोनसाठी इन्फ्लिक्सिमॅब मान्य झाले आणि ज्यांना शस्त्रक्रियेवाचून गती नव्हती अशा अनेकांचे आयुष्य पालटले. २०१० साली ५०८ क्रोन-रोग्यांत तुलना झाली. सव्वीस आठवड्यांनी ॲझाथायोप्रीनवर शंभरांत ३०, इन्फ्लिक्सिमॅबवर ४४ आणि दोन्ही मिळून ५७ जण स्टेरॉइडवाचून बरे होते. जुन्या-नव्याची जोडीच पहिली आली. २०२४ साली ब्रिटनमध्ये नुकतेच निदान झालेल्या ३८६ क्रोन-रोग्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. आरंभापासूनच ही जोडी दिलेल्यांपैकी ७९ टक्के वर्षाच्या अखेरीस स्टेरॉइड व शस्त्रक्रियेवाचून शमलेले राहिले. पायरीपायरीने चढत गेलेल्यांपैकी १५ टक्के. ज्याला क्रोन आहे त्याला 'आधी स्वस्तातले बघू' म्हणून वाट पाहायला लावणे नेहमीच शहाणपणाचे नाही, हे या आकड्यांतून दिसते.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट कधी विसरून चालत नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन यांचे रूप इतके सारखे की जाणत्यांचीही दिशाभूल व्हावी. इन्फ्लिक्सिमॅब संरक्षक सेना दाबते तेव्हा शरीरात झोपलेला क्षय जागा होतो. २००१ साली अशा ७० रोग्यांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हे औषध देण्याआधी क्षयाचा शोध घेण्याचा दंडक पडला. नव्या औषधाची इजाही अशी वर्षे गेल्यावरच कळते. जुन्याचे दोष आपल्याला माहीत आहेत, कारण ते ऐंशी वर्षे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

सहकाऱ्यांना मी जे सांगितले ते थोडक्यात असे. 'औषध जुने की नवे' हा प्रश्न डॉक्टरांना विचारू नका. तीन प्रश्न विचारा. दोन भावांतला कोणता आजार आहे? तो किती तीव्र आहे? आणि या पायरीला हे औषध उतरते, हे कशावरून? तुमच्या मुलाला कोलायटिस आहे, तो मध्यम आहे, आणि ती गोळी या परीक्षेला साठ वर्षांपूर्वीच बसून उत्तीर्ण झाली आहे. तुमच्या पगाराकडे पाहून कोणी ती काढलेली नाही. उद्या आजाराने पायरी बदलली, तर डॉक्टरही औषध बदलतील. पण तब्येत बरी वाटते म्हणून किंवा गोळी म्हातारी आहे म्हणून आपल्या मनाने ती सोडू नका. १९६५ सालच्या त्या नुसत्या गोळीवाल्यांचे वर्षभरात काय झाले ते आठवा.

त्यांनी तिन्ही प्रश्न एका कागदावर लिहून घेतले. डॉक्टरांनीही, असे कळले, न रागावता उत्तरे दिली.

हा अंक घरोघरी पोचेल तेव्हा कंदील लागलेले असतील. ज्या घरात असा रोगी आहे, तेथे फराळाचा डबा पुढे करताना आग्रह थोडा आवरता घ्यावा. डॉक्टरांनी त्याला जे वर्ज्य सांगितले आहे ते घरातल्या सर्वांनी माहीत करून घ्यावे, आणि पाहुण्यांच्या गर्दीत त्याची गोळी घ्यायची वेळ चुकणार नाही एवढे पाहावे.